±३ म्हणजे नेमकं काय? जनमत चाचणीचे आकडे आणि नववीतलं केवल मूल्य

फाट्यावरचे गुरुजी (धागाकर्ते)

नमस्कार मंडळी.

मी खानापूर तालुक्यात संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. मुलं मराठी माध्यमाची, शाळा कर्नाटकची, आणि माझ्या फळीवर दोन्ही राज्यांची पुस्तकं शेजारी शेजारी. केवल मूल्य मी महाराष्ट्राच्या नववीच्या पुस्तकातल्या 'वास्तव संख्या' या प्रकरणातून घेतो. दोन उभ्या रेघा, शून्यापासूनचं अंतर, अंतर कधी ऋण नसतं. मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात.

परवा नववीतल्या एका मुलीनं व्हॉट्सॲपवर फिरत आलेलं चित्र दाखवलं. निवडणुकीची जनमत चाचणी. (पक्षांची नावं गाळली आहेत आणि आकडे गोल केले आहेत, चर्चा पक्षांवर जाऊ नये म्हणून.) पहिला पक्ष ४४ टक्के, दुसरा ४० टक्के. वर ठळक अक्षरात 'चार टक्क्यांची स्पष्ट आघाडी'. अगदी खाली, मोहरीएवढ्या अक्षरात: नमुना १०००, ±३ टक्के. ती म्हणाली, "सर, हे अधिक-वजा म्हणजे आपल्या उभ्या रेघाच ना?"

वीस वर्षं शिकवतोय, इतका चांगला प्रश्न फार थोड्या वेळा आला. त्या दिवसाचा धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर लिहिलं:

|क्ष − ४४| = ३

निम्म्या वर्गानं ४७ लिहून पेन खाली ठेवलं. दुसरं उत्तर सुटलं. दोघांनी ४७ आणि −४७ लिहिलं, कारण 'केवल मूल्यात दोन उत्तरं असतात, एक अधिक एक वजा' एवढंच डोक्यात राहिलेलं. मग मी रेघा पुसल्या आणि म्हैस आणली. आमच्या वर्गातल्या बहुतेकांच्या गोठ्यात म्हैस आहे.

एक सरळ पाणंद धरा, दोन्ही बाजूंना कुंपण. ४४ व्या पावलावर खुंट मारलाय. दावं तीन पावलांचं. दावं पुरतं ताणून म्हैस उभी आहे, तर ती कुठे असेल? सगळा वर्ग एकदम ओरडला, ४१ नाहीतर ४७. हे झालं समीकरण. आणि दावं सैल असेल तर? ४१ ते ४७ मध्ये कुठेही. ही झाली असमानता, |क्ष − ४४| ≤ ३. क्ष म्हणजे सगळ्या मतदारांना खरोखर विचारलं असतं तर निघाला असता तो आकडा. तो आपल्याला दिसत नाही. दिसतो फक्त खुंट, आणि दाव्याची लांबी.

मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, म्हणाला, "सर, दावं वजा तीन पावलांचं नसतंय." म्हणजे |क्ष − ४४| = −३ ला उत्तर नाही, हे त्यानं मी सांगायच्या आधीच सांगितलं.

मग दुसरा खुंट ४० वर मारला. ती म्हैस ३७ ते ४३ मध्ये चरणार. ४१ ते ४३ ही जागा दोघींच्याही दाव्यात येते. मी मुलांना सांगितलं की मग स्पष्ट आघाडी म्हणता येत नाही.

हे बरोबर सांगितलं का? दोन दावी एकमेकांवर आली की आघाडीच नाही असं म्हणायचं का, की आघाडीला तिचं वेगळं दावं असतं? सोमवारी वर्ग आहे. जाणकारांनी सांगावं.

रविवार पेठ

गुरुजी, माझा मुलगा दहावीत आहे. त्याला आत्ता जेवताना हे म्हशीचं वाचून दाखवलं, त्यानं ताटातच बोटानं रेघ मारून दोन्ही टोकं दाखवली.

एक शंका आहे. ±३ टक्के म्हणजे ४४ चे ३ टक्के का? मी बँकेत काम करते, आमच्याकडे ३ टक्के म्हटलं की मुद्दलाचे ३ टक्के. तसं धरलं तर १.३२ येतात. मग ४२.६८ ते ४५.३२, आणि दुसऱ्या पक्षाचे ३८.८ ते ४१.२. मग ती एकमेकांवर येतच नाहीत, आघाडी स्पष्टच ठरते!

फाट्यावरचे गुरुजी

ताई, अगदी हाच गोंधळ वर्गात तिघांचा झाला. इथले ३ हे ४४ चे टक्के नाहीत. शून्य ते शंभर अशी पट्टी धरा, तिच्यावरची तीन घरं. ४४ पासून तीन घरं इकडे, तीन घरं तिकडे. 'टक्के' हा एकच शब्द आपण दोन्ही कामांना वापरतो, म्हणून घोळ होतो. आता मी वर्गात 'घरं' असंच म्हणतो.

निपाणीकर (पुण्यात)

गुरुजी, धागा वाचून राहवलं नाही. मी मूळ निपाणीचा, पुण्यात संख्याशास्त्र शिकवतो. तुमचं म्हशीचं उदाहरण मी उद्यापासून वापरणार, परवानगी गृहीत धरतो.

आधी दाव्याची लांबी कुठून येते ते. सोपा हिशेब असा की १ ला नमुन्याच्या वर्गमुळानं भागा. १०० माणसं विचारली तर १० घरं. ४०० तर ५. १००० तर ३.२. २५०० तर २. नेमकं सूत्र १.९६ × √(प × (१ − प) ÷ न) असं आहे. प म्हणजे मिळालेला वाटा आणि न म्हणजे किती जणांना विचारलं. प निम्मा धरला तर १००० ला ३.१ येतात, बातमीत त्याचेच ३ होतात. यातली खरी गंमत वर्गमुळात आहे. दावं निम्मं करायचं तर माणसं दुप्पट करून भागत नाही, चौपट करावी लागतात. चाचण्या हजार-दोन हजारांवर का थांबतात याचं कारण इथे आहे, पुढे खर्च चौपट आणि फायदा दुप्पट.

चित्राखाली छापतात ते दावं निम्म्याच्या आसपासच्या वाट्याचं असतं, म्हणजे सगळ्यात लांब. एखाद्या छोट्या पक्षाला ३ टक्के मिळालेत, तर त्याचं दावं त्याच १००० माणसांत जेमतेम १.१ घरांचं येतं. त्यामुळे '३ अधिक-वजा ३, म्हणजे शून्यसुद्धा असू शकतो' हे चुकीचं वाचन आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. हो, आघाडीचं दावं वेगळं असतं आणि ते बरंच लांब असतं. कारण दोन्ही म्हशी एकाच कळपातल्या. ज्या हजारांना विचारलं त्यात चुकून पहिल्या पक्षाचे चार जास्त आले, तर दुसऱ्याचे बहुधा कमी आले. एक उजवीकडे सरकते तेव्हा दुसरी डावीकडे. तुमच्या आकड्यांना हिशेब असा:

१.९६ × √((०.४४ + ०.४० − ०.०४²) ÷ १०००) = ०.०५७, म्हणजे ५.७ घरं.

खरा फरक फ धरा. |फ − ४| = ५.७ सोडवलं की फ = −१.७ किंवा ९.७. वजा १.७ म्हणजे दुसराच पक्ष थोडा पुढे. म्हणून 'स्पष्ट' हा शब्द चुकीचा.

पण गुरुजी, 'आघाडीच नाही' हेही चुकीचं, मुलांना तसं सांगू नका. खुंट अजून ४ वरच आहे. पहिला पक्ष पुढे असण्याची शक्यता जास्तच आहे, खात्री मात्र नाही. बरोबरी आहे असं म्हणायचं तर त्यालाही पुरावा लागतो, आणि तो या चाचणीत नाही.

आणखी एक. मागच्या महिन्यात ४१, या महिन्यात ४४, 'तीन टक्क्यांची उसळी' अशी बातमी आली तर ते दोन वेगवेगळे नमुने असतात. दोन्ही हजारांचे असतील तर वाढीचं दावं ३.१ च्या १.४ पट, म्हणजे साधारण ४.४. तीनची उसळी त्यात सहज बसते.

लोंढा जंक्शन

सर, मला एक पटत नाही. बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४७ लाख ७९ हजार होती. त्यात हजार माणसं म्हणजे समुद्रात थेंब. एका तालुक्याला हजार आणि अख्ख्या जिल्ह्यालाही हजार, दावं तेवढंच, हे कसं ओ?

येळ्ळूरचा शेतकरी

याला मी उत्तर देतो, निपाणीकर सर चुकलं तर सांगा.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतो की नाही आपण? घरच्या पातेल्यातनं दोन शितं दाबून बघता, आणि जत्रेच्या महाप्रसादाच्या हंड्यातनं पण दोन-चारच बघता. हंडा शंभरपट मोठा म्हणून शंभरपट शितं बघत नाही कोण. सगळा भात सारखा शिजलेला असला तर हंडा केवढा याला महत्त्व नाही.

पण अडचण तिथंच आहे. मी जत्रेत चुलीवर उभा राहिलेला माणूस. एवढ्या मोठ्या हंड्यात वरचं शीत टोचतंय आणि बुडाचा भात लागलेला असतो. नवीन पोरगं वरनंच शीत उचलतंय आणि सांगतंय, काका अजून कच्चा आहे. दहा शितं उचलली वरनं, तरी दहाही कच्ची. जाणता माणूस उलथनं पार मध्यापर्यंत घालतो आणि तिथलं काढतो. शितं किती याच्यापेक्षा कुठली, हे मोठं.

आमच्या शिवारात विम्यासाठी पीक कापणीचा प्रयोग करतात. पाच मीटर बाय पाच मीटरचा चौकोन आखतात, चार खुंट्या आणि दोरी. तेवढ्यातलं भात कापून, झोडून वजन करतात आणि त्यावरनं उतारा काढतात. तिथं पण चौकोन कुठं पडला यावर सगळं. बांधाकडचा पडला तर वेगळं, मध्ये पडला तर वेगळं. म्हणून जागा चिठ्ठीनं ठरवायची असते, 'इथं पीक बरं दिसतंय' म्हणून नाही. आणि दोरी ज्या रोपावरनं जाते ते रोप आत धरायचं का बाहेर, यावर दर वेळी चर्चा होतेच.

निपाणीकर (पुण्यात)

काका, तुम्ही शेवटी जे रोप म्हणालात ना, त्या रोपावर आपल्याच एका माणसानं जगाला धडा दिलाय. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. १९४० च्या दशकात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेत त्यांनी पीक कापणीच्या नमुना पाहण्या उभ्या केल्या. तेव्हा प्रश्न होता कापणीचा तुकडा केवढा घ्यायचा. कोलकात्यात संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस छोट्या तुकड्यांच्या बाजूनं होते. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान असला की उतारा खऱ्यापेक्षा जास्त येतो. का? दोरीवरच्या रोपाचा संशय आला की कापणारा ते आत धरतो. लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानानं कडा जास्त, म्हणून ही चूक मोठी होते. आणि ती दर वेळी एकाच बाजूला होते, म्हणून हजार तुकडे कापले तरी ती पुसली जात नाही.

गुरुजी, तुमच्या सोमवारच्या तासाला हे नक्की घ्या. ±३ हे दावं फक्त चिठ्ठी कोणाची निघाली या योगायोगाचं माप आहे. खुंटच चुकीच्या जागी ठोकला असेल तर त्याबद्दल दावं काही सांगत नाही. आणि खुंट बरोबर असला तरी हे दावं शंभरातल्या पंच्याण्णव वेळाच टिकतं. त्याच पद्धतीनं शंभर चाचण्या केल्या तर साधारण पाच वेळा खरा आकडा दाव्याच्या बाहेर असेल. १.९६ हा आकडा त्या पंच्याण्णवातून येतो.

लोंढा जंक्शन, हंड्याचं उदाहरण गणितातही खरं आहे. लोकसंख्या दाव्यावर तेव्हाच फरक पाडते जेव्हा नमुना तिचा मोठा हिस्सा असतो. लाखांच्या तालुक्याला आणि ४७ लाखांच्या जिल्ह्याला हजारांचं दावं जवळपास तेवढंच.

टिळकवाडी

मी एका दैनिकात काम करतो, नाव सांगत नाही. निवडणुकीच्या काळात चाचणीची बातमी लावणाऱ्यांपैकी मी एक. खालची ±३ ची ओळ जागा नाही म्हणून काढली जाते, हे मी स्वतः केलंय. गुरुजींची विद्यार्थिनी ती ओळ वाचते हे वाचून मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. यापुढे ती ओळ माझ्या हातून कापली जाणार नाही.

खुंट चुकीच्या जागी ठोकण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतलं, १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीचं. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. तेवीस लाखांवर परत आल्या. निष्कर्ष असा की लँडन ५७ टक्के घेऊन जिंकणार, रूझवेल्टना ४३. प्रत्यक्षात रूझवेल्टना ६१ च्या आसपास मिळाले. पत्ते घेतले होते ते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांवरून, मंदीच्या काळात. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी ठरावीक लोकांनीच घेतली. त्याच वेळी चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी साधारण पन्नास हजारांच्या नमुन्यावर रूझवेल्ट जिंकणार हे बरोबर सांगितलं.

निपाणीकरांच्या सूत्रात तेवीस लाख घालून बघितले. दावं येतं ०.०६५ घराचं. आणि प्रत्यक्ष चूक |६१ − ४३| = १८ घरं. हे दोन आकडे एकाखाली एक लिहून मी बराच वेळ बघत बसलो.

आणखी दोन गोष्टी आपल्या भागाच्या. एक म्हणजे मतांचा वाटा आणि जागा. २०१८ च्या कर्नाटक विधानसभेत काँग्रेसला ३८ टक्क्यांच्या थोडी वर मतं आणि भाजपला ३६ टक्क्यांच्या थोडी वर. जागा मात्र निकालाच्या दिवशी काँग्रेस ७८ आणि भाजप १०४. मतांच्या टक्केवारीला लावलेलं दावं जागांच्या आकड्याला लावता येत नाही. 'इतक्या ते इतक्या जागा' हा अंदाज त्या टक्केवारीवर आणखी एक हिशेब चढवून काढलेला असतो आणि त्यातल्या चुका वेगळ्या.

दुसरं, 'बेळगावची चाचणी' म्हणजे कुठलं बेळगाव ते आधी बघा. जिल्ह्यात विधानसभेच्या १८ जागा. पण बेळगाव लोकसभेत त्यातल्या आठच. निपाणी, अथणी, चिक्कोडी वगैरे आठ चिक्कोडी लोकसभेत. खानापूर आणि कित्तूर तर उत्तर कन्नड लोकसभेत, कारवार-भटकळबरोबर. खानापूरचा माणूस 'बेळगाव लोकसभा' चाचणीत सापडला तर तो नमुन्यात चुकून आलाय.

सीमावासी

एवढं सगळं वाचलं. माझं वेगळं दुखणं आहे. दर निवडणुकीत कुठेतरी छापून येतं की मराठी मतदारांपैकी इतके टक्के इकडे, इतके टक्के तिकडे, म्हणजे आता सीमाप्रश्न संपला. १९५६ पासून तीन पिढ्या आमच्या घरात हा प्रश्न आहे. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आणि कुणीतरी कुणाला तरी फोन करून ठरवणार की आमच्या मनात काय आहे?

मागे आमच्या घरी असा एक फोन आला होता. पलीकडून भराभर कन्नडमध्ये प्रश्न. आईला बाजारापुरतं कन्नड येतं. तिनं दोनदा "मराठीतून विचारा की" म्हटलं आणि मग ठेवून दिला. आईचं मत त्या चाचणीत कुठे गेलं?

निपाणीकर (पुण्यात)

तुमच्या आईंचं मत कुठेच गेलं नाही, आणि हेच सगळ्यात गंभीर. फोन ठेवणारे आणि उत्तर देणारे एकसारखा विचार करत असते तर फार बिघडलं नसतं. पण इथे फोन ठेवण्याचं कारणच भाषा आहे, आणि भाषेचा मताशी संबंध आहे. म्हणजे खुंट सरकला. ±३ ची ओळ यावर गप्प आहे.

समजा फोन मराठीतून आला, सगळं नीट झालं. तरी हजारांच्या चाचणीत एखाद्या तालुक्यातले, एखाद्या भाषेचे म्हणून साठच लोक आले असतील तर त्या साठांचं दावं १२.७ घरांचं. '५५ टक्के मराठी मतदार अमुक बाजूला' असं छापलं तर असमानता |क्ष − ५५| ≤ १२.७, म्हणजे ४२.३ ते ६७.७. बहुमत की अल्पमत हेसुद्धा त्यातून ठरत नाही. बातमीखाली मात्र अख्ख्या चाचणीचं ±३ छापलेलं असतं.

त्यात ते साठ जण साठ वेगवेगळ्या गावांतले नसतात. तीन गावांत वीस-वीस विचारलेले असतात, कारण माणूस एकदा गावात गेला की तिथेच यादी पुरी करतो. एका गल्लीत मतं एकमेकांना धरून असतात. मग साठ ही नुसती मोजणी, माहिती त्याहून कमी माणसांची. दावं आणखी लांबतं.

सीमावासी

धन्यवाद सर. ४२ ते ६८ हे मी लिहून ठेवलंय. पुढच्या वेळी कुणी ते चित्र पाठवलं की वाद घालण्याऐवजी विचारेन, किती जणांना विचारलं आणि कुठल्या भाषेत.

लोंढा जंक्शन

२०२१ ची बेळगाव लोकसभा पोटनिवडणूक आठवते का? दहा लाखांच्या आसपास मतं पडली आणि निकाल पाच हजार दोनशेच्या आसपास मतांनी लागला. म्हणजे अर्ध्या घराचा फरक. अशा निवडणुकीत चाचणी काय सांगणार?

निपाणीकर (पुण्यात)

काहीच नाही, आणि प्रामाणिक चाचणीवाला तसं सांगेल. दोन्ही प्रमुख उमेदवार त्रेचाळीसच्या आसपास होते. आघाडीचं दावं अर्ध्या घरापर्यंत आखूड करायचं तर साधारण सव्वा लाख माणसांना विचारावं लागेल. तेही चिठ्ठीनं निवडलेल्या, आणि सगळ्यांनी खरं सांगितलं तर.

रविवार पेठ

गुरुजी, सोमवारचा तास कसा झाला ते सांगा. आम्ही दोघंही वाट बघतोय.

फाट्यावरचे गुरुजी

उशीर झाला, कारण तास संपलाच नाही. तो गावात गेला.

सोमवारी ५.७ चं दावं आणि सुखात्म्यांचं रोप दोन्ही सांगितलं. मुलं म्हणाली, आपण चाचणी करूया. पक्षाची नाही म्हटलं. मग त्यांनीच प्रश्न काढला. संध्याकाळची बस फाट्यावरूनच परत फिरते, ती गावात यावी का? गावात आली तर पुढच्या गावांना उशीर होतो, म्हणून गावातही दोन मतं आहेत.

गावात ४०० घरं. शंभर निवडायची, म्हणजे चारातलं एक. एक ते चार अशा चिठ्ठ्या टाकल्या, ३ निघाली. मग तिसरं घर, सातवं, अकरावं, असं शेवटपर्यंत. एका मुलाच्या मामाचं घर बारावं होतं, त्याला फार वाटलं की मामाला विचारावं. नाही विचारलं.

पहिल्या फेरीत अकरा घरांना कुलूप. लावणीचे दिवस, सगळे शेतात. दोघांनी शेजारच्या घरात विचारून यादी पुरी केली होती. त्यावर वर्गात अर्धा तास बोलणं झालं. ज्या घराला दुपारी कुलूप असतं तिथली माणसं रोज बाहेर जातात, आणि बसचा प्रश्न त्यांचाच सगळ्यात जास्त. शेजारचं घर उघडं असतं कारण तिथे म्हातारी माणसं. सीमावासींच्या आईंचा फोन ज्या कारणानं निसटला तशातलंच हे, हे त्या मुलीनं मी न सांगता ओळखलं. ती दोन उत्तरं खोडली. दिवेलागणीनंतर पुन्हा गेले, सात घरं मिळाली. चार राहिलीच.

९६ घरं. 'गावात यावी' म्हणणारी ६०. म्हणजे ६२.५ टक्के. सूत्रानं दावं ९.७ आलं. निपाणीकर सरांना फोन केला तर ते म्हणाले, ४०० मधली ९६ म्हणजे जवळजवळ पाव गाव विचारलंत, इथे हंडा लहान आहे, सूट मिळते. √((४०० − ९६) ÷ ३९९) नं गुणायला सांगितलं. ८.५ आलं.

|क्ष − ६२.५| = ८.५

क्ष = ५४ किंवा ७१. या वेळी ५४ कुणी सोडलं नाही, उलट सगळ्यांनी आधी तेच लिहिलं. दावं डावीकडे पुरतं ताणलं तरी म्हैस निम्म्याच्या पुढेच आहे. राहिलेली चारही घरं 'नको' म्हणाली असं धरलं तरी शंभरात ६० उरतात, हेही एकानं करून दाखवलं.

आगाराला द्यायचा अर्ज मुलं लिहितायत, मराठीत आणि कन्नडमध्ये. मी पहिल्या ओळीत '६२.५ टक्के गावकऱ्यांची मागणी' असं लिहिलं होतं. त्या मुलीनं माझ्या हातातून पेन घेतलं, ते खोडलं, आणि वर लिहिलं, '४०० पैकी ९६ घरांना विचारले. त्यावरून ५४ ते ७१ टक्के घरांना बस गावात हवी आहे असे दिसते. चार घरे भेटली नाहीत.' तिचं म्हणणं, घरं विचारलीत तर गावकरी कशाला लिहायचं.